धुराचा धनी कोण?

मोटार विकत घ्यावयाची झाली म्हणजे मध्यम स्थितीतील कुटुंबात पूर्वी जी चर्चा चाले तिचे विषय ठरलेले असत. किंमत किती, हप्ता किती, एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते, आणि पुढेमागे विकावयाची वेळ आली तर पैसे किती परत येतील, एवढ्यांचा उलगडा झाला की प्रश्न मिटे. अलीकडे या चर्चेत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे, आणि तो बहुधा घरातील धाकटी मंडळी उपस्थित करतात. डिझेलची मोटार घेणे योग्य आहे काय? विजेची घेतली तर हवा बिघडविण्याच्या दोषातून आपण मुक्त होतो काय? वडील मंडळी यावर उत्तर देतात की, वीज तरी कोळशापासूनच होते ना, मग धूर पुण्यास निघाला काय आणि चंद्रपुरास निघाला काय, सारखेच! येथे वाद थांबतो. मिटत मात्र नाही. कारण दोन्ही पक्षांस आपलेच म्हणणे खरे वाटते, आणि दोहोंच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहेही.

आमच्या मते हा वाद यंत्रशास्त्राचा जितका आहे त्याहून अधिक नीतिशास्त्राचा आहे. कोणत्या इंधनाचा धूर किती हे मोजता येते, आणि पुढे आम्ही ते ढोबळमानाने मोजून पाहणारही आहोत. परंतु मोजणी संपल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्या कृत्याचा लाभ मला होतो त्याचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत जात असेल, तर त्या धुराचा धनी कोण?

कर्ममात्रास दोष चिकटलेला असतो हे सांगताना गीतेच्या अठराव्या अध्यायात अग्नी आणि धूर यांचाच दृष्टान्त घेतलेला आहे. अग्नी हवा असेल तर धूर सोसलाच पाहिजे, सबब दोष आहे म्हणून कर्म सोडू नये, असा त्याचा रोख आहे. हा दृष्टान्त ज्या काळचा आहे त्या काळी अग्नी पेटविणारा आणि धूर सोसणारा ही दोन्ही माणसे बहुधा एकाच छपराखाली असत. 'बहुधा' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. चुलीपुढे फुंकणी घेऊन डोळे चोळणारी गृहिणी आणि ओसरीवर पानाची वाट पाहणारा गृहस्थ यांच्यामध्ये तेव्हाही एक भिंत होतीच, आणि त्या एका भिंतीमुळे स्वयंपाकघरातील धुराकडे पुरुषवर्गाचे लक्ष जाण्यास कित्येक पिढ्या लागल्या. विजेच्या तारेने ती भिंत आता शेकडो किलोमीटर रुंद केली आहे, एवढाच फरक.

प्रथम डिझेलची बाजू ऐकून घेऊ. कारण अलीकडे तिला बोलू न देताच शिक्षा फर्माविण्याची रीत पडली आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली आपल्या एंजिनाच्या पेटंटासाठी अर्ज केला, तेव्हा वाफेच्या एंजिनात कोळशाची जी अतोनात उधळपट्टी होई ती थांबवावी हा त्याचा हेतू होता. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. म्हणजे ज्यास आज आपण काळ्या धुराचे प्रतीक समजतो ते यंत्र जन्मतः काटकसरीचे आणि शेतकऱ्याच्या तेलावरही चालू शकणारे असे होते. महाराष्ट्रातील आडगावे तालुक्याच्या बाजारास, शाळेस आणि दवाखान्यास जोडली गेली ती एस. टी.च्या डिझेल गाड्यांनी. आजही भाजीपाला, धान्य आणि औषधे ज्या मालमोटारींतून आपल्या दारी येतात त्या बहुतांशी डिझेलवरच चालतात. अशा सेवकास केवळ तो मळका दिसतो म्हणून हाकलून देणे हा कृतघ्नपणा होईल.

परंतु उपकार आठवणे निराळे आणि अपराध झाकणे निराळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या मोटार कंपनीचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी आणि रस्त्यावर येताच तो मोकळा सोडणारी आज्ञावली तिच्या डिझेल मोटारींत बसविलेली होती, आणि अशा मोटारी जगभर सुमारे १ कोटी १० लाख निघाल्या. परीक्षकासमोर साळसूद आणि त्याची पाठ फिरताच उच्छृंखल, असे वागण्यास आजवर मनुष्यच काय तो समर्थ होता. या प्रकरणी मनुष्याने ती विद्या यंत्रासही शिकविली. त्यातील खेदाची गोष्ट ही की, घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती मोटार स्वच्छ समजून, सद्‌बुद्धीने घेतली होती.

आता हिशेबाकडे वळू. एक लिटर डिझेल जळले म्हणजे सुमारे २.६ किलो कर्बवायू हवेत जातो. एंजिन कितीही सुधारा, या आकड्यात फरक पडत नाही. कारण तेलातील कर्ब जाणार कोठे? लिटरास अठरा किलोमीटर जाणारी लहान मोटार धरली तर शंभर किलोमीटरांस साडेपाच लिटर, म्हणजे सुमारे साडेचौदा किलो वायू झाला; आणि तेल खणणे, शुद्ध करणे व वाहून आणणे यांपायी त्यात आणखी काही किलोंची भर पडते. तेवढ्याच आकाराच्या विजेच्या मोटारीस त्याच अंतरास सुमारे पंधरा युनिटे लागतात. तारांतील व चार्ज करण्यातील गळती धरून अठरा समजू. आपल्या देशात सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अद्याप कोळशापासून होते, आणि सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो वायू निघतो. म्हणजे अठरा युनिटांचा वायू साडेबारा किलोंच्या आसपास झाला. वडील मंडळींचे 'सारखेच' हे म्हणणे याप्रमाणे पुरते खरे ठरत नाही. परंतु धाकट्यांनी कल्पिलेले शून्यही कोठे सापडत नाही.

शिवाय विजेची मोटार जन्मास येते तीच डोक्यावर कर्ज घेऊन. तीस युनिटांची बॅटरी तयार करताना साधारणपणे दोन ते तीन टन कर्बवायू निघतो. वरील ढोबळ हिशेबाने हे कर्ज फिटण्यास मोटार पन्नास हजार किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक धावली पाहिजे. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्यास ते तीन वर्षांचे काम आहे; पण महिन्यास दोनशे किलोमीटर, देवदर्शनास आणि लग्नकार्यास, गाडी बाहेर काढणाऱ्या सेवानिवृत्त गृहस्थास त्यासाठी वीस वर्षे लागतील. त्याने आपली जुनी धडधाकट गाडी केवळ सदसद्विवेकबुद्धीच्या समाधानासाठी मोडीत काढून नवी घेतली तर ते समाधान त्यास मिळेल, हवेस मात्र काही मिळणार नाही. पुष्कळदा आपण पुण्य म्हणून जे विकत घेतो ती हौसच असते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे झाले वायूचे. परंतु धुराचा धनी कोण हा जो आमचा मूळ प्रश्न, त्याचे उत्तर किलोंत मिळत नाही. पुण्यामुंबईच्या रस्त्यावर जळलेल्या डिझेलचा धूर निदान जाळणाऱ्याच्या गावात, त्याच्या मुलांच्या शाळेवरून जातो. विजेच्या मोटारीचा धूर जेथे निघतो तेथे ती मोटार बहुधा कधी जातही नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची शक्ती २,९२० मेगावॉट आहे. भोवताली कोळशाच्या खाणी, राखेची तळी आणि उन्हाळ्यात भाजून काढणारी हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली तीत चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. तेथील कोळसा जळतो तो काही केवळ तेथील दिव्यांसाठी नव्हे. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण सहज वापरतो. परंतु दिवा पुण्यास आणि त्याखालचा अंधार चंद्रपुरास, ही रचना ती म्हण करणाराच्या स्वप्नातही आली नसेल.

ही गोष्ट महाराष्ट्रास नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून खोपोलीस १९१५ साली वीज होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्यांस ती मिळू लागली. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडी धावली. काजळीने माखलेल्या त्या नगरीस ही निर्धूर शक्ती वरदानच वाटली असली पाहिजे. परंतु याच शक्तीसाठी टाटा कंपनीने मुळशीस धरण बांधावयास घेतले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे, राहती घरे आणि देवळे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. तो १९२४ पर्यंत चालला, बापटांनी तुरुंगवास भोगला, आणि धरण झालेच. १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून वीज वाहू लागली. त्या विजेस धुराचा कण चिकटलेला नव्हता. परंतु जी वस्तू डोळ्यांस स्वच्छ दिसते ती न्यायानेही स्वच्छ असतेच असे नाही, हा धडा मुळशीने आपणांस एका शतकापूर्वीच दिलेला आहे.

बॅटरीच्या पोटात डोकावले तरी हेच दृश्य दिसते. पुष्कळ बॅटऱ्यांस लागणाऱ्या कोबाल्ट धातूचा जगातील बहुतांश पुरवठा आफ्रिकेतील काँगो देशातून होतो, आणि तेथे हाताने खणणाऱ्यांत लहान मुलेही आहेत हे अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ साली जगापुढे मांडले. तेलाचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? नायजेरियातील तेलक्षेत्रात आपल्या लोकांच्या जमिनीची नासाडी होते म्हणून आवाज उठविणाऱ्या केन सारो-विवा या लेखकास तेथील लष्करी राजवटीने नोव्हेंबर १९९५ मध्ये फासावर चढविले. आपण पंपावर टाकी भरताना या गोष्टी आठवत नाही. बॅटरीवर आक्षेप घेताना मात्र काँगोची मुले आपणांस झटकन आठवतात. करुणा सोयीप्रमाणे जागी होत असेल तर तिला करुणा म्हणावे की सबब?

मग दुसरी इंधने आहेत ती पाहू. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली आज्ञा केल्यावर सार्वजनिक बसगाड्या सी. एन. जी.वर आणण्यात आल्या आणि रस्त्यावरील काळा धूर पुष्कळ कमी झाला. परंतु हा वायूही भूगर्भातलाच, जळला की कर्ब सोडणारा. हायड्रोजनाचे नाव मोठे आहे. तथापि आज तो बहुतांशी भूगर्भातील वायू व कोळसा यांपासूनच काढतात, आणि विजेपासून काढला तर चाकांपर्यंत पोहोचेतो त्या विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. अवजड व लांबच्या वाहतुकीस त्याचा उपयोग होईलही. घरच्या मोटारीस तो द्राविडी प्राणायाम आहे.

इथेनॉलाचा विचार मात्र महाराष्ट्राने अधिक आस्थेने केला पाहिजे, कारण तो आपल्या शेतातून येतो. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले. परदेशी तेलाचा खर्च वाचतो आणि उसाच्या बिलाचे पैसे शेतकऱ्यास लौकर मिळतात, हे दोन्ही लाभ खरे आहेत. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच असा हिशेब आहे की, उसापासून केलेल्या एका लिटर इथेनॉलामागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. ज्या मराठवाड्यात ऊस उभा असतो त्याच मराठवाड्यातील लातूर शहरास २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचा तुटवडा पडेल या भीतीने सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर काही काळ बंधने घालावी लागली. तात्पर्य, या इंधनाचा धूर डोळ्यांत जात नाही, तो विहिरीत उतरतो. मळी, पाचट, तुसे अशा टाकाऊ मालापासून होईल तितके इथेनॉल अवश्य करावे. परंतु तहानलेल्याचा घोट मोटारीच्या टाकीत ओतणे यास स्वदेशी म्हणता येणार नाही.

याप्रमाणे सर्व वाटा फिरून आपण पुन्हा गीतेच्या दृष्टान्तापाशी येतो. निर्दोष इंधन नाही. परंतु एवढ्यावरून 'सगळी सारखीच' असा निष्कर्ष काढणे म्हणजे विचाराचा आळस होय. सदोष वस्तूंतून निवड करताना दोष किती हे जसे पाहावे, तसा तो कोणत्या जातीचा आहे हेही पाहिले पाहिजे. काही दोष वस्तूच्या प्रकृतीत असतात; ते वस्तू आहे तोवर राहणार. काही दोष तिच्या परिस्थितीत असतात. परिस्थिती पालटली की ते जाऊ शकतात. डिझेलचा कर्ब हा त्याच्या प्रकृतीचा दोष आहे. आज घेतलेली डिझेलची मोटार पंधरा वर्षांनीही लिटरामागे तेवढाच वायू सोडील, आणि वयोमानाने काजळी थोडी अधिकच. विजेच्या मोटारीचा दोष तिच्या बाहेर आहे. उद्या वीज उन्हापासून वा वाऱ्यापासून झाली तर तीच मोटार, तिच्या एकाही खिळ्यास हात न लावता, अधिक स्वच्छ होते. कोबाल्ट मुळीच न लागणाऱ्या बॅटऱ्या आज आपल्या रस्त्यांवरील पुष्कळ मोटारींत आहेत. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून आमचा सिद्धान्त असा की, दोष पत्करणे अटळच असेल तेव्हा सुधारण्याजोगा दोष पत्करावा. ज्यास नवी मोटार घेणे खरोखरच आवश्यक आहे व जो ती भरपूर वापरणार आहे, त्याने विजेची घ्यावी हे आम्हांस अधिक योग्य वाटते.

परंतु लेखणी येथेच ठेवली तर आम्ही अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. दोष सुधारण्याजोगा असणे आणि तो सुधारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मुळशीच्या शेतकऱ्यांस न्यायाने वागविणे अशक्य होते असे कोण म्हणेल? कोळशाच्या वीज केंद्रांनी गंधकाचा धूर आवरणारी यंत्रे बसवावीत असे मान डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने ठरवून दिले. दोन वर्षांची मुदत दिली. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतून सूटच मिळाली. दहा वर्षांच्या या अवधीत विजेच्या मोटारी घेऊन आपण हवेवर उपकार केले असे समजणाऱ्या किती जणांनी याबद्दल एक ओळ तरी लिहिली? डिझेलची मोटार बाळगणारा निदान एवढे म्हणू शकतो की, या तेलाचा स्वभावच असा, मी काय करू? विजेची मोटार बाळगणाऱ्यास ही पळवाट नाही. जो दोष दूर होऊ शकत होता तो दूर न होता राहिला, तर त्याचे धनीपण त्याच्याकडे अधिकच येते. सुधारण्याजोगा दोष पत्करणे म्हणजे तो सुधारण्याचे वचन देणे होय. आणि दुकानात पैसे मोजल्याने वस्तूची किंमत फिटते, वचन फिटत नाही.

हे वचन पाळावयाचे म्हणजे गृहस्थाने अमुक मोठा पराक्रम करावा असे नाही. सूर्याची वीज दुपारी मुबलक असते आणि रात्री बहुतेक भार कोळशावर पडतो. तेव्हा शक्य असेल त्याने मोटार दिवसा चार्ज करावी. २०२५ च्या मध्यास देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित शक्तीपैकी निम्मी कोळसा व तेल यांवाचून चालणारी झाली, परंतु प्रत्यक्ष विजेत अजून कोळशाचाच वाटा मोठा आहे, हा भेद जाणून घ्यावा आणि मते मागावयास येणाऱ्यांस त्याविषयी विचारावे. मुंबईची लोकल ही आपली सर्वांत जुनी विजेची गाडी आहे, आणि एका मोटारीत एकट्याने बसण्यापेक्षा तीत उभे राहून जाणारा मनुष्य हवेचा अधिक मोठा मित्र आहे, हेही विसरू नये. आणि चंद्रपूर, कोराडी, मुळशी ही नावे मुलांच्या कानांवर घालावीत. ज्या गावांच्या जिवावर आपला दिवा लागतो त्यांची नावे घरात ठाऊक असणे ही नीतीची पहिली पायरी आहे.

आमच्या आजीच्या पिढीतील बायका चुलीपाशी बसून स्वयंपाक करीत तेव्हा ज्याचे जेवण त्याने निदान आत येऊन एकदा धूर पाहावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे. पुष्कळ घरांत ती पुरी झाली नाही. आज चूल शेकडो किलोमीटर दूर गेली आहे आणि तिच्यापाशी बसलेली माणसे आपणांस दिसतही नाहीत. म्हणून मोटारीची चावी हाती घेताना, ती डिझेलची असो वा विजेची, घरात हा प्रश्न पुन्हा एकदा विचारला जावा. धुराचे धनी आपण आहोत. तो कोठे निघतो एवढे तरी आपण जाऊन पाहिले आहे काय?